एकच नदी, रोजचे छायाचित्र : भरती-ओहोटीच्या शहरी नदीची छायाचित्रमालिका आणि समीक्षेचे निकष

गोषवारा : एकाच ठिकाणाहून शहरी नदीचे दररोज छायाचित्र घेण्याची प्रथा समकालीन छायाचित्रकलेत रुजली आहे. अशा मालिकेकडे सहसा सुंदर चित्रांचा संग्रह म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात लंडनची थेम्स व मुंबईची मिठी या दोन भरतीच्या नद्यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, अशा मालिकेचा अर्थ प्रामुख्याने छायाचित्रकाराने स्वीकारलेल्या नियमात असतो, आणि वेळ निवडणे म्हणजे नदीचे कोणते सत्य दाखवायचे हे निवडणे होय.

बीजसंज्ञा : छायाचित्रमालिका, भरती-ओहोटी, उधाण, थेम्स, मिठी, समीक्षानिकष.

१. प्रस्तावना

छायाचित्रकलेच्या समीक्षेवर 'निर्णायक क्षण' या कल्पनेचा प्रभाव दीर्घकाळ राहिला आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे ही संज्ञा जगभर रूढ झाली. पॅरिसमधील एका स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे त्यांचे १९३२ मधील छायाचित्र या कल्पनेचे आदर्श उदाहरण मानले जाते. टाच पाण्याला टेकण्यापूर्वीचा तो क्षण पुन्हा येणार नाही, म्हणून तो मोलाचा, अशी ही भूमिका आहे.

दररोज एकाच नदीचे छायाचित्र घेणारा कलावंत ही भूमिका मुळातूनच नाकारतो. त्याच्या दृष्टीने कोणताही एक क्षण निर्णायक नसतो. काल आला, आज आला आणि उद्याही येईल, या सातत्यावर त्याची भिस्त असते. त्यामुळे एकेका चित्राच्या रचनेवर, छायाप्रकाशावर किंवा नाट्यमयतेवर आधारलेले समीक्षेचे निकष येथे अपुरे पडतात. असे असूनही प्रदर्शनांत, दिनदर्शिकांत व ग्रंथांत अशा मालिकांतील 'उत्तम' वीस-पंचवीस चित्रे निवडून मांडली जातात. पावसाळी, निस्तेज, काहीच न घडलेल्या दिवसांची चित्रे बाजूला पडतात. या निवडीमुळे मालिकेचे नेमके काय हरवते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

विवेचनासाठी भरती-ओहोटी असणारी नदी मुद्दाम निवडली आहे. पठारावरील नदी प्रामुख्याने ऋतूनुसार बदलते. समुद्राला मिळणाऱ्या शहराची नदी मात्र दिवसातून चार वेळा आपले रूप पालटते. येथे सूर्याचे घड्याळ व चंद्राचे घड्याळ अशी दोन घड्याळे एकाच वेळी चालू असतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. रोजच्या छायाचित्राची खरी कसोटी या विसंगतीत लागते.

२. 'रोज त्याच वेळी' या नियमाचा अर्थ

रोजच्या छायाचित्राचे सर्वाधिक परिचित उदाहरण एका चित्रपटातील आहे. पॉल ऑस्टर यांची पटकथा असलेल्या व वेन वँग यांनी दिग्दर्शित केलेल्या 'स्मोक' या १९९५ च्या चित्रपटात ऑगी रेन हा ब्रुकलिनमधील सिगारचा दुकानदार दररोज सकाळी आठ वाजता आपल्या दुकानासमोरच्या कोपऱ्याचे छायाचित्र घेतो. अशी चार हजारांहून अधिक छायाचित्रे त्याने वह्यांत चिकटवून ठेवली आहेत. त्याचा लेखकमित्र ती भराभर उलटतो, कारण त्याला ती सारखीच वाटतात. ऑगी त्याला सावकाश पाहण्यास सुचवतो. पुढे एका चित्रात मित्राला आपली मृत पत्नी रस्त्याने जाताना दिसते आणि तो हेलावून जातो. ते छायाचित्र घेतले गेले तेव्हा त्यात काहीही 'निर्णायक' नव्हते. ऑगीने सामान्य दिवस वगळले असते, तर ती स्त्री त्या वहीत सापडलीच नसती. न निवडलेल्या चित्राचे मोल या प्रसंगातून चांगले स्पष्ट होते.

तथापि ऑगीचा नियम रस्त्याला लागू पडतो, कारण शहरातील रस्ता घड्याळावर चालतो. हाच नियम भरतीच्या नदीला लावला तर काय होईल? दोन भरतींमध्ये साधारणपणे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते. म्हणून भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि पंधरवड्याने ती जवळजवळ मूळ जागी येते. यावरून असे वाटेल की, रोज सकाळी आठ वाजता येणाऱ्या छायाचित्रकाराला पंधरा दिवसांत नदीच्या सर्व अवस्था दिसतील. वस्तुस्थिती तशी नाही.

अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची. उधाणात पाणी सर्वाधिक चढते आणि सर्वाधिक उतरते. भांगात हा फरक कमी असतो. महत्त्वाची गोष्ट अशी की, एखाद्या विशिष्ट ठिकाणी उधाणाची पूर्ण भरती नेहमी दिवसाच्या साधारण ठरावीक वेळीच येते. लंडन ब्रिजपाशी ही वेळ दुपारी दोन-तीनच्या व पहाटेच्या त्याच सुमाराची असते. म्हणजे उधाणाच्या दिवसांत सकाळी आठच्या सुमारास तेथे ओहोटी असते आणि सकाळची भरती दिसते ती प्रामुख्याने भांगाच्या दिवसांत. परिणामी थेम्सच्या काठावर उभा राहिलेला ऑगी कितीही वर्षे नेमाने आला, तरी पाणी धक्क्याच्या भिंतीवर सर्वात उंच चढलेले त्याला त्या वेळी कधीही दिसणार नाही. लंडन ब्रिजपाशी उधाणाच्या भरतीत व ओहोटीत सुमारे साडेसहा मीटरचा फरक असतो, म्हणजे जवळजवळ दोन मजल्यांचा. नदीचा एवढा मोठा व्यवहार वक्तशीर छायाचित्रकाराच्या नजरेतून पद्धतशीरपणे निसटतो.

हे गणित कोकणच्या व मुंबईच्या किनाऱ्यावरील वाचकांस नवे नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा हिशेब येथील दर्यावर्दी व मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला व अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास. या हिशेबानुसार माहीमच्या खाडीवर रोज दुपारी बारा वाजता उभा राहणारा छायाचित्रकार उधाणाची भरती व भांगाची ओहोटी पाहील. उधाणाची ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास येते आणि खाडीचा तळ उघडा पडतो. तो त्याला कधीच दिसणार नाही. लंडनच्या सकाळी आठने जे झाकले, त्याच्या नेमके उलट मुंबईच्या दुपारी बाराने झाकले.

यातून एक तात्त्विक निष्कर्ष निघतो. 'रोज त्याच वेळी' हा नियम तटस्थ भासतो, प्रत्यक्षात मात्र तो सूर्याच्या बाजूने घेतलेला निर्णय असतो. याउलट 'रोज पूर्ण भरतीच्या वेळी' असा नियम केला, तर पाण्याची अवस्था कायम राहील, परंतु प्रकाश दररोज बदलेल आणि कित्येक चित्रे रात्रीची असतील. तो चंद्राच्या बाजूचा निर्णय ठरेल. 'जेव्हा सुंदर दिसेल तेव्हा' हा तिसरा मार्ग छायाचित्रकाराच्या अभिरुचीविषयी बरेच सांगतो, नदीविषयी थोडेच. कोणताही नियम निर्दोष नाही. प्रत्येक नियमासोबत त्याचे एक ठरावीक आंधळेपण येते आणि ते ओळखणे हे समीक्षकाचे पहिले काम होय.

३. हवामान : सौंदर्य की पुरावा?

बदलते हवामान हे अशा मालिकांचे सर्वात मोठे आकर्षण असते. या संदर्भात छायाचित्रकाराच्याही आधी एका चित्रकाराचा विचार करणे आवश्यक आहे. क्लोद मोने १८९९ ते १९०१ या काळात तीन वेळा लंडनला राहिला. सॅव्हॉय हॉटेलच्या खोलीतून त्याने चेअरिंग क्रॉस व वॉटर्लू हे पूल रंगविले, तर समोरच्या काठावरील सेंट थॉमस रुग्णालयातून पार्लमेंटची इमारत. एकाच वेळी अनेक कॅनव्हास मांडून, प्रकाश बदलला की कॅनव्हास बदलायचा, अशी त्याची पद्धत होती. सुमारे शंभर चित्रे सुरू झाली. त्यांपैकी अनेकांवर त्याने पुढे जिव्हर्नीच्या चित्रशाळेत हात फिरविला आणि १९०४ साली पॅरिसमध्ये ३७ चित्रांचे प्रदर्शन झाले.

मोनेला लंडनचे धुके प्रिय होते. मार्च १९०० मधील एका पत्रात तो लिहितो की, सकाळी धुक्याचा मागमूसही न दिसल्याने तो खचून गेला. मग हळूहळू घरोघरी आगी पेटल्या, धूर पसरला आणि त्याच्या जिवात जीव आला. हे पत्र समीक्षेच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. ज्याला रसिक 'वातावरण' म्हणतो, ते बऱ्याच अंशी कोळशाचा धूर होता, याची ती कबुलीच आहे. याच धुराने ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनला वेढले. त्या काळी सुमारे चार हजार मृत्यूंचा अंदाज होता, पुढील संशोधकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ साली शुद्ध हवेचा कायदा झाला. अर्धशतकापूर्वीच्या चित्रांतील जांभळट-सोनेरी झाकोळ पाहताना हा इतिहास विसरता येत नाही.

मोनेच्या चित्रांचा पुरावा म्हणून उपयोग होऊ शकतो, हे अलीकडच्या संशोधनाने दाखविले आहे. २००६ साली बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पार्लमेंट मालिकेतील सूर्याच्या स्थानावरून चित्रांच्या तारखा व वेळा ताडून पाहिल्या आणि त्या मोनेच्या पत्रव्यवहाराशी बऱ्याच जुळल्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात टर्नर व मोने यांच्या चित्रांतील वाढत्या धूसरपणाचा संबंध वाढत्या वायुप्रदूषणाशी जोडण्यात आला. हे शक्य झाले ते एकच दृश्य पुनःपुन्हा रंगविल्यामुळे. एकट्या चित्रातील धूसरपणा ही शैली ठरते. शेजारी दुसरे, तिसरे, दहावे चित्र ठेवले की तोच धूसरपणा मोजता येतो.

छायाचित्र या बाबतीत चित्रापेक्षा अधिक विश्वासार्ह असावे, अशी आपली सहज धारणा असते. येथे एक तांत्रिक बाब लक्षात घेतली पाहिजे. कॅमेऱ्याचे स्वयंचलित प्रकाशमापन समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे आहे असे गृहीत धरून काम करते. त्यामुळे मळभाचा दिवस प्रत्यक्षाहून उजळ व लख्ख दिवस प्रत्यक्षाहून मंद होतो. रंगांचे स्वयंचलित संतुलन संध्याकाळचा पिवळेपणाही बराचसा पुसून टाकते. म्हणजे हवामानातील फरक टिपण्यासाठी सुरू केलेली मालिका यंत्राच्या सोयीमुळे तेच फरक सपाट करीत जाते. छिद्र, वेग व संवेदनशीलता कायम ठेवून घेतलेल्या मालिकेत काही चित्रे काळवंडतील, काही पांढरी फटफटीत पडतील. सुटे पाहता ती 'बिघडलेली' वाटतील, मालिकेत मात्र तीच दिवसाचा उजेड प्रामाणिकपणे सांगतील. समीक्षकाने अशा चित्राला दोष देण्यापूर्वी त्यामागील नियम विचारला पाहिजे.

४. काठ वगळलेले पाणी : रोनी हॉर्न

थेम्सच्या छायाचित्रांतील एक निराळी दिशा अमेरिकन कलावंत रोनी हॉर्न यांच्या 'स्टिल वॉटर' या १९९९ च्या कलाकृतीत आढळते. पंधरा मोठ्या मुद्रित छायाचित्रांच्या या संचात ना पूल दिसतात, ना आकाश, ना काठ. संपूर्ण चौकट पाण्याच्या पृष्ठभागाने व्यापलेली आहे. त्या पाण्यावर बारीक आकडे विखुरलेले आहेत आणि चित्राच्या तळाशी त्या आकड्यांच्या टीपा आहेत. टीपांतून नदीचा रंग, तिच्याविषयीचे साहित्य, तिच्यात बुडालेली माणसे असे विषय एकामागून एक येतात.

हॉर्न यांनी वेळेचा वा तिथीचा कोणताही नियम पाळलेला दिसत नाही. तरीही ही कलाकृती रोजच्या मालिकेच्या समीक्षेस उपकारक ठरते. पृष्ठभागाचे छायाचित्र पृष्ठभागाखालचे काहीच सांगत नाही, ही मर्यादा त्यांनी झाकली नाही, उलट तिलाच रचनेचा आधार केले. पाण्याकडे पाहणारा प्रेक्षक आकड्याकडे वळतो, आकड्याकडून टीपेकडे आणि पुन्हा पाण्याकडे. दरम्यान ते पाणी त्याच्यासाठी बदललेले असते. सुझन सोंटॅग यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात छायाचित्राची जगाला तुकड्यांत मांडण्याची व दुःखालाही देखणे करण्याची प्रवृत्ती चिकित्सकपणे तपासली होती. हॉर्न यांच्या टीपा हे त्या आक्षेपाला दिलेले एक उत्तर मानता येईल.

टीपेची गरज थेम्सच्या बाबतीत विशेष जाणवते. तिचे पाणी तपकिरी दिसते, म्हणून पाहणारा तिला गलिच्छ ठरवतो. हा गढूळपणा मुख्यत्वे भरती-ओहोटीने ढवळलेल्या गाळाचा असतो. १८५८ च्या उन्हाळ्यात याच नदीच्या दुर्गंधीमुळे पार्लमेंटचे कामकाज चालविणे कठीण झाले, त्यानंतर जोसेफ बॅझलजेट यांच्या देखरेखीखाली मलनिस्सारणाची भुयारे बांधली गेली. १९५७ साली तिचा शहरातील भाग जैविकदृष्ट्या मृत ठरविण्यात आला होता. १९७४ साली तिच्यात पुन्हा सामन मासा आढळला. पावसात नदीत सांडणारे मैलापाणी अडविण्यासाठी बांधलेले २५ किलोमीटर लांबीचे नवे भुयार २०२५ च्या फेब्रुवारीत पूर्णपणे जोडले गेले. या सर्व काळात छायाचित्रात रंग बहुतांशी तपकिरीच राहिला असता. मृत नदी व सावरलेली नदी यांतील भेद केवळ रंगावरून कळत नाही. तो कळण्यासाठी चित्रासोबत नोंद लागते.

५. भरती झाकते, ओहोटी दाखवते : मिठीचे उदाहरण

थेम्सविषयीचे हे विवेचन मुंबईच्या मिठी नदीला लावून पाहिल्यास त्याचे सामाजिक महत्त्व ध्यानात येते. विहार व पवई तलावांच्या सांडव्यापासून निघून सुमारे अठरा किलोमीटरचा प्रवास करून मिठी माहीमच्या खाडीत अरबी समुद्राला मिळते. विमानतळाच्या विस्तारापायी तिचा प्रवाह वळविला गेला आणि वांद्रे-कुर्ला संकुलासाठी तिच्या मुखाजवळील दलदलीत भराव पडला. थेम्सच्या उलट येथे रंग फसवा ठरतो. भरतीच्या वेळी खाडीत पाणी चढते, आकाश त्यात उतरते, खारफुटीच्या कडा हिरव्या दिसतात आणि छायाचित्र देखणे येते. ओहोटीला तोच प्रवाह काळ्या चिखलातून व प्लॅस्टिकच्या थरांतून वाट काढताना दिसतो. दोन्ही छायाचित्रे खरी असतात, मात्र भरतीच्या वेळा निवडून केलेली मालिका, तिच्यात एकही खोटे चित्र नसताना, खोटी ठरू शकते. छायाचित्रणातील नैतिकतेचा प्रश्न आपण बहुधा चित्रातील फेरफारापुरता मर्यादित ठेवतो. नदीच्या बाबतीत तो घड्याळापाशीच सुरू होतो.

मिठीची सर्वाधिक पाहिली गेलेली छायाचित्रे २६ जुलै २००५ च्या महापुराची आहेत. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पौर्णिमा २१ जुलैला होऊन गेली होती. वर सांगितलेल्या तिथीच्या हिशेबाने पंचमीची भरती दुपारी पावणेचारच्या सुमारास येते आणि पावसाचा जोरही दुपारनंतरच वाढला होता. उतरणाऱ्या पाण्याला समुद्राने वाट दिली नाही आणि काठावरच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. नदीचे अस्तित्वच त्या दिवशी अनेक मुंबईकरांना प्रथम कळले. ते जवळजवळ सर्वस्वी आपत्तीच्या छायाचित्रांतून कळले, ही बाब समीक्षेने गंभीरपणे घ्यावयास हवी. पुराचे छायाचित्र म्हणजे 'निर्णायक क्षणा'चे टोक होय. ते आपत्ती दाखवते, पण पात्र कसकसे अरुंद झाले, कचरा कोणत्या पुलाखाली अडत गेला, खारफुटी कोठून मागे हटली, हे ते दाखवू शकत नाही. ते काम काहीच न घडलेल्या हजारो दिवसांच्या चित्रांनाच करता आले असते. अशा चित्रांकडे दुर्लक्ष करणारी अभिरुची नागरी विस्मरणालाही हातभार लावते, असे येथे म्हणावेसे वाटते.

यावर एक आक्षेप संभवतो. अशी मालिका म्हणजे केवळ दस्तऐवज झाला, त्यात कला कोठे राहिली? हा आक्षेप कला व दस्तऐवज यांना परस्परविरोधी मानतो. प्रत्यक्षात नियम निवडणे, त्याला वर्षानुवर्षे बांधून घेणे, कंटाळवाण्या दिवशीही तेवढ्याच एकाग्रतेने चौकट लावणे आणि अखेरीस प्रेक्षकाच्या नजरेला सावकाश करणे, ही सर्व कलावंताचीच कामे आहेत. शास्त्रीय संगीतातील ख्यालाचा श्रोता हे सहज जाणतो. बंदिशीचा मुखडा पुनःपुन्हा येतो म्हणूनच दोन मुखड्यांमधील विस्ताराचे वेगळेपण त्याला जाणवते. पुनरावृत्ती हे वैविध्य मोजण्याचे माप आहे.

६. समारोप

वरील विवेचनावरून रोजच्या नदीचित्रांच्या मालिकेसाठी पुढील निकष सुचविता येतील.

१) मालिकेचा नियम (स्थान, वेळ, चौकट, प्रकाशमापन) स्पष्टपणे जाहीर केलेला असावा आणि त्या नियमामुळे नदीची कोणती अवस्था कायम नजरेआड राहते याचे भान मांडणीत असावे.

२) मालिका शक्यतो अखंड मांडली जावी. निवड करणे भाग असल्यास तिचे तत्त्व सांगितले जावे, कारण वगळलेले दिवस हाही मालिकेचा आशय असतो.

३) प्रत्येक चित्रासोबत दिनांक, वेळ व भरतीची अवस्था नोंदविलेली असावी. चित्र जे सांगू शकत नाही, ते सांगण्याची जबाबदारी नोंदीवर असते.

४) एकेका चित्राच्या देखणेपणापेक्षा शेजारशेजारच्या चित्रांतील फरक किती वाचनीय झाला आहे, यावर मालिकेचे मूल्यमापन व्हावे.

हे निकष महाविद्यालयीन अध्यापकांसाठी केवळ वाचनापुरते राहू नयेत. खाडीच्या किंवा भरतीच्या नदीच्या काठी वसलेल्या महाविद्यालयांना अशी मालिका सुरू करणे अल्प खर्चात शक्य आहे. पुलाच्या कठड्यावर एक खूण, एक साधा कॅमेरा आणि एक नोंदवही एवढ्यावर ती उभी राहते. भूगोलाच्या विद्यार्थ्याला तिच्यात भरतीचे चक्र सापडेल, इतिहासाच्या विद्यार्थ्याला काठावरील बांधकामांचा क्रम, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाण्याच्या नमुन्यांशी जोडता येणारी दृश्य नोंद आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला सावकाश पाहण्याची सवय. एका तुकडीने घेतलेली चित्रे दुसरी तुकडी पुढे नेईल. मात्र त्या वहीत सकाळी आठची वेळ लिहिण्यापूर्वी शेजारी तिथीही लिहिली जावी. नदी दोन घड्याळांवर चालते, आणि त्यांतील एकच पाहणाऱ्याला ती अर्धीच दिसते.